करप्याचा हिशेब लागवडीच्या दिवशीच मांडला जातो; उशिराच्या उन्हाळ कांद्याला दुहेरी फटका

नाशिक ग्रामीण : डिसेंबर उजाडला की कसमादे पट्टा, येवला, चांदवड, निफाड, सिन्नर, सगळीकडे एकच लगबग असते. मजुरांच्या टोळ्या, रोपांच्या जुड्या आणि वाफ्यात सोडलेलं पाणी. २०२५ चा हंगाम मात्र सुरुवातीपासूनच विस्कटला. मान्सून २६ मे रोजीच मुंबईत पोहोचला, सप्टेंबरमध्ये अतिवृष्टी झाली आणि ऑक्टोबरअखेरही पावसाने पाठ सोडली नाही. टाकलेली रोपं कुठे पिवळी पडली, कुठे मर लागली. ज्यांची रोपं गेली त्यांना दुसऱ्यांदा उळे टाकावं लागलं. त्यामुळे एकाच शिवारात एक वावर डिसेंबरच्या मध्यावर लागतं, तर शेजारच्या वावरात जानेवारी संपत आला तरी लागवड चालूच राहते.

या दोन वावरांत फरक फक्त महिनाभराचा. पण फेब्रुवारी-मार्चमध्ये पात करपायला लागली की हाच महिना महागात पडतो. तेव्हा चर्चा होते ती औषधांची. कुठलं मारलं, किती पंप लागले, शेजाऱ्याने काय मारलं. लागवड कोणत्या तारखेला झाली हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. करप्याचा मोठा हिशेब त्या तारखेतच दडलेला असतो.

करपा एक नाही, तीन

शेतकरी पात करपली की सरसकट ‘करपा’ म्हणतात. प्रत्यक्षात कांद्यावर तीन वेगळ्या बुरशींचे करपे येतात आणि प्रत्येकाचा मोसम वेगळा असतो.

काळा करपा हा पावसाळ्यातला. उबदार हवा, सततची झड आणि वाफ्यात साचलेलं पाणी त्याला मानवतं. पानाच्या बुडाशी डाग पडतात, त्यावर काळे बारीक ठिपके दिसतात. यातच पात पिळवटते, मान लांबते आणि कांदा पोसतच नाही. याला शेतकरी ‘पीळ पडला’ म्हणतात.

जांभळा करपा सगळ्यांच्या ओळखीचा. आधी पांढुरके, खोलगट ठिपके येतात, मग मधोमध जांभळी छटा आणि भोवती पिवळी कडा दिसते. डाग पडलेल्या ठिकाणी पात मोडते. २१ ते ३० अंश तापमान आणि ८० ते ९० टक्के आर्द्रता मिळाली की तो जोर धरतो. खरिपातही येतो, रांगड्यातही येतो आणि रब्बीत ढगाळ हवामान झालं की पुन्हा डोकं वर काढतो.

तपकिरी करपा हा थंडीतला. १५ ते २० अंश तापमान आणि दमट हवा त्याला लागते. पानाच्या मध्यावर पिवळसर-नारिंगी रेघा उमटतात, त्या वाढत जातात आणि पात शेंड्याकडून वाळत येते. उन्हाळ कांद्यावर जास्त दिसतो तो हाच.

तिघांत एक गोष्ट सारखी आहे. बुरशीचा बीजाणू पानावर पडला म्हणजे लगेच रोग होत नाही. पान काही तास सलग ओलं राहिलं तरच तो रुजतो. पाऊस, दहिवर, धुकं किंवा संध्याकाळी चालवलेले तुषार सिंचन, ओल कशाचीही चालते. म्हणून करप्याचा अंदाज घ्यायचा तर दोनच गोष्टी पाहाव्या लागतात. पान किती तास ओलं राहतं आणि त्या वेळी पीक किती दिवसांचं आहे.

तारखेत ४५ मिळवा

कांद्याचं सगळ्यात नाजूक वय म्हणजे लागवडीनंतरचे साधारण ४५ ते ७५ दिवस. पात पूर्ण भरलेली असते, वाफा दाटलेला असतो, आत वारा खेळत नाही आणि खाली कांदा धरायला लागलेला असतो. या महिन्यात पात गेली तर नुकसान सगळ्यात जास्त. लागवडीच्या तारखेत हे दिवस मिळवले की पीक कुठल्या हवेत सापडणार ते आधीच कळतं.

२० जुलैला लावलेला पोळ कांदा : नाजूक महिना ३ सप्टेंबर ते ३ ऑक्टोबर. म्हणजे परतीचा पाऊस. काळा आणि जांभळा, दोन्ही करपे समोर उभे.

१ ऑक्टोबरला लावलेला रांगडा : १५ नोव्हेंबर ते १५ डिसेंबर. पाऊस गेलेला, पण सकाळी दहिवर. त्यात अवकाळी आला तर जांभळा करपा पसरतो.

१५ डिसेंबरला लावलेला उन्हाळ : २९ जानेवारी ते २८ फेब्रुवारी. हवा कोरडी होत जाते. दव आणि ढगाळ दिवस असले तर तपकिरी करपा येतो, पण ओलीचे तास दिवसेंदिवस कमी होतात.

२० जानेवारीला लावलेला उन्हाळ : ६ मार्च ते ५ एप्रिल. ओल कमी, म्हणून करपा कमी असं वाटतं. फसगत इथेच होते.

उशिराची पात महाग का?

कांद्याला पोसण्याचा इशारा आपण लावल्याच्या दिवसापासून मिळत नाही. तो दिवसाची लांबी आणि वाढतं ऊन यांच्याकडून मिळतो. दिवस मोठा व्हायला लागला, ऊन तापलं की झाड लहान असो की मोठं, कांदा धरायला लागतो. १५ डिसेंबरचं झाड तोवर भरपूर पात काढून बसलेलं असतं. २० जानेवारीच्या झाडाला पात वाढवायला वेळच मिळत नाही. थोड्या पातीवरच त्याला कांदा पोसायला घ्यावा लागतो.

एकदा कांदा धरला की नवी पात निघणं जवळपास थांबतं. जी पात आहे तीच शेवटची शिदोरी. लवकरच्या पिकात दोन पाती करपल्या तर बाकीच्या भार उचलतात. उशिराच्या पिकात मुळात पातीच कमी, त्यातल्या दोन गेल्या तर कांदा गोल्टीवर थांबतो. म्हणजे करपा तेवढाच आला तरी नुकसान तेवढंच राहत नाही.

दुसरा फटका फुलकिड्यांचा, म्हणजे थ्रिप्सचा. त्यांना कोरडं ऊन मानवतं आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये त्यांची संख्या वाढते. ते पान खरवडून रस शोषतात, पातीवर पांढरे चट्टे पडतात. त्या जखमांतून जांभळ्या करप्याच्या बुरशीला आत शिरायला वाट मिळते. अशा वेळी मार्चमध्ये एखादा अवकाळी शिडकावा झाला, दोन दिवस आभाळ राहिलं की खरवडलेली पात बघता बघता जळते. अनेकांना वाटतं पावसाने करपा आणला. पावसाने फक्त काडी लावली, गंजी आधीच रचलेली होती.

तिसरी गोष्ट काढणीची. १५ डिसेंबरचा कांदा एप्रिलमध्ये निघतो, २० जानेवारीचा मे महिन्यात ढकलला जातो. मे महिन्यातला पाऊस २०२५ मध्ये सगळ्यांनी पाहिला आहे. त्यातून पात वेळेआधी करपून वाळलेली असली तर मान नीट पडत नाही. मान नीट वाळली नाही की चाळीत सडीला तिथूनच सुरुवात होते. चार-पाच महिने टिकावा म्हणून ठेवलेला कांदा दोन महिन्यांत उपसावा लागतो.

गावातलं शेवटचं वावर

करपा बांधावर थांबत नाही. खरिपाचा पोळ कांदा, त्याला लागून रांगडा, त्याच काळात उन्हाळ कांद्याची रोपं आणि जोडीला बियाण्यासाठी लावलेली डेंगळ्याची वावरं. आपल्या भागात जुलैपासून मेपर्यंत कुठे ना कुठे हिरवी पात उभीच असते. बुरशीला उपाशी राहायची वेळच येत नाही. आधीच्या पिकाची रोगट पात बांधावर टाकलेली असते, ती वेगळीच.

फुलकिड्यांचंही तसंच. लवकरच्या वावरातली पात पिवळी पडली, माना पडल्या, काढणी झाली की किडे हिरव्या पातीच्या शोधात निघतात. त्या वेळी शिवारात हिरवं राहिलेलं असतं ते फक्त उशिराचं वावर. म्हणून गावात जो सगळ्यात शेवटी लावतो, त्याच्या वाट्याला सगळ्या गावाचे फुलकिडे येतात. तो फवारत राहतो आणि किडे येत राहतात. ‘औषधच बनावट निघालं’ ही तक्रार कधी खरी असते, पण औषध चांगलं असूनही असं होऊ शकतं.

मग लवकर लावला तर?

सरळ उत्तर असतं तर प्रश्नच नव्हता. उन्हाळ कांदा नोव्हेंबरच्या सुरुवातीला घाईने लावला आणि रोप जून असलं, तर डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत त्याला डेंगळे येतात. डेंगळ्याचा आणि जोड कांदा चाळीत टिकत नाही, बाजारातही बाजूला काढला जातो. शिवाय लवकरची रोपं परतीच्या पावसात वाढवावी लागतात आणि करपा रोपवाटिकेतच चिकटतो.

म्हणून ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत उळे टाकायचं, रोप ४५ ते ५० दिवसांचं झालं की डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत लागवड आटोपायची, ही खिडकी महत्त्वाची. त्याआधी डेंगळ्याचा धोका, त्यानंतर थोडी पात, फुलकिडे आणि वळवाचा पाऊस. करपा अजिबात येणार नाही अशी तारीख पंचांगात नाही. कमी नुकसानीची तारीख मात्र आहे.

तारीख शेतकऱ्याच्या हातात आहे का?

हा खरा प्रश्न आहे. उशीर आळसाने होत नाही. २६ नोव्हेंबर २०२३ ला जिल्ह्यात अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली, तेव्हा द्राक्षबागांबरोबर कांद्याचीही पात झोडपली गेली. ज्याचं रोप गेलं त्याची लागवड आपोआप पुढे सरकली. रोप असलं तर मजूर नसतात. सगळ्या गावाची लागवड एकाच पंधरवड्यात येते आणि टोळी ज्याचं वावर मोठं त्याच्याकडे आधी जाते. छोटा शेतकरी शेवटी राहतो. वीज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री असेल तर वाफे भिजवायचं वेळापत्रकही तिच्या हाती. काहींची जमीन मका किंवा रांगडा निघेपर्यंत मोकळीच होत नाही.

काही वेळा तारीख भावही ठरवतो. गेल्या वर्षी अमुक महिन्यात भाव होता, म्हणून यंदा त्या महिन्यात माल निघेल अशी लागवड करायची. हे गणित किती कच्चं आहे हे डिसेंबर २०२३ मध्ये दिसलं. लाल कांद्याची आवक सुरू असतानाच ८ डिसेंबरपासून निर्यातबंदी लागू झाली आणि ती ४ मे २०२४ पर्यंत राहिली. भाव धरून ज्यांनी तारीख ठरवली त्यांचा अंदाज एका रात्रीत वाहून गेला. भावाचं पुढचं कुणाला दिसत नाही. डिसेंबरातलं दहिवर आणि मार्चातलं ऊन मात्र दरसाल त्याच महिन्यात येतं. तारीख ठरवताना जे चुकतं त्याच्यापेक्षा जे ठरलेलं आहे त्याच्यावर भरवसा ठेवलेला बरा.

विम्याकडे पाहावं तर तिथेही उशिराचा शेतकरी अडचणीत. रब्बी कांद्याचा विमा भरायची मुदत १५ डिसेंबर. त्या दिवशी ज्याचं रोप अजून वाफ्यात आहे, त्याला पुढच्या लागवडीच्या भरवशावर अर्ज करायचा की नाही हे ठरवावं लागतं. एक रुपयात विमा २०२५ च्या खरिपापासून बंद झाला आणि कांद्यासारख्या नगदी पिकाला शेतकऱ्याचा हिस्सा ५ टक्के आहे. भरपाई आता पीक कापणी प्रयोगात महसूल मंडळाचं सरासरी उत्पन्न किती निघतं त्यावर ठरते. मंडळात बहुतेकांनी वेळेवर लावलं, त्यांचं बरं पिकलं आणि उशिराच्या पाच-पंचवीस जणांचा कांदा करप्याने गोल्टी राहिला, तर सरासरीत त्यांचं नुकसान दिसणारच नाही. म्हणजे उशिराची जोखीम ज्याची त्यालाच भोगावी लागते.

उशीर झालाच तर

ज्यांची लागवड जानेवारीत गेली आहे त्यांनी हात टेकण्याचं कारण नाही. पण वेळेवरच्या वावराचं वेळापत्रक जसंच्या तसं उचलून चालणार नाही.

• रोप पाहूनच लावा. पावसात सापडलेल्या रोपांवर डाग असतील तर ती रोपं बाजूला काढा. रोगट रोप लावलं म्हणजे करपा हाताने वावरात नेला. लागवडीआधी मुळं बुरशीनाशकाच्या द्रावणात बुडवण्याची शिफारस आहे, ती टाळू नका.

• युरिया टाकून वेळ भरून निघत नाही. उशीर झाला म्हणून नत्र वाढवलं की पात लुसलुशीत होते, करप्याला आणि फुलकिड्यांना आयतीच सापडते. नत्राचे हप्ते ४५ दिवसांच्या आत संपवा. ६० दिवसांनंतर दिलेला युरिया कांदा जाड मानेचा करतो आणि चाळीत सडवतो.

• पाणी सकाळी द्या. तुषार सिंचन असेल तर संध्याकाळी चालवू नका, पात रात्रभर ओली राहते. गादीवाफा आणि ठिबक असेल तर पात कोरडी राहते, वाराही खेळतो.

• फुलकिडे मोजा. पाच-सहा ठिकाणची झाडं उपटून पातीच्या बेचक्यात पाहा. झाडामागे सरासरी ३० च्या वर किडे दिसले तर फवारणीची वेळ झाली. रोज नजर टाकली तर आकडा वाढताना दिसतो. पात पांढरी झाल्यावर मोजण्यात अर्थ नाही.

• बुरशीनाशक आभाळ आल्यावर मारा, डाग पसरल्यावर नाही. मँकोझेबसारखं औषध (लिटरला २.५ ग्रॅम, स्टिकर टाकून) पानावर आधीच असेल तर बीजाणू रुजू देत नाही. रुजल्यानंतर त्याचा उपयोग कमी. आंतरप्रवाही औषधं आलटून पालटून वापरा. एकच औषध दर आठवड्याला मारलं की बुरशी त्याला सरावते. डब्यावर कांदा पिकाचं नाव आहे की नाही ते वाचा आणि दुकानदाराबरोबर कृषी सहायकालाही विचारा. चार औषधं एका पंपात कालवण्याने खर्च चौपट होतो, गुण चौपट येत नाही.

• सगळं वावर एका तारखेला अडकवू नका. रोप आणि मजूर मिळतील तसं लवकरचं क्षेत्र वाढवा. जानेवारीच्या मध्यानंतर जी जमीन उरते तिथे कांदाच हवा का, हा विचार करा. उशिराच्या एकरावर फवारण्या जास्त, वजन कमी आणि चाळीचा भरवसा नाही. हा हिशेब कागदावर मांडला तर काही एकर दुसऱ्या पिकाला गेलेले परवडतात.

पुढच्या वर्षासाठी एक काम आतापासून लक्षात ठेवावं लागेल. राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संस्थेची शिफारस आहे की कांद्याच्या कडेने मक्याच्या दोन ओळी, किंवा बाहेर मका आणि आत गहू, लागवडीच्या निदान ३० दिवस आधी पेरावा. ही हिरवी भिंत फुलकिड्यांना अडवते. कांदा लावल्यावर मका पेरला तर भिंत उभी राहीपर्यंत किडे आत शिरलेले असतात. इथेही खेळ तारखेचाच आहे.

एकट्याने होणारं काम नाही

काही गोष्टी एका शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरच्या आहेत. परतीचा पाऊस दरवर्षी लांबतोय असं शेतकरी सांगतात, पण रोपं अजूनही उघड्या वाफ्यावरच टाकली जातात. गटाने किंवा शेतकरी कंपनीने गादीवाफ्यावर, वरून आच्छादन करून सामुदायिक रोपवाटिका केल्या तर एका पावसात अख्ख्या गावाची तारीख महिनाभर पुढे जाणार नाही. गावात कांद्याच्या रोगट पातीचे ढीग बांधावर न टाकता गाडायचे, एवढं जरी ग्रामसभेत ठरलं तरी पुढच्या हंगामाच्या बुरशीचं घर मोडतं. आणि कापणी प्रयोगात ई-पीक पाहणीतून लागवडीचा महिनाही पाहिला गेला, तर उशिराच्या शेतकऱ्याचं नुकसान निदान कागदावर तरी येईल.

तोवर प्रत्येकाने करण्यासारखं एक काम सोपं आहे. मोबाइलमध्ये किंवा घरच्या कॅलेंडरवर लागवडीची तारीख लिहून ठेवा, त्यापुढे ४५ वा आणि ७५ वा दिवस लिहा. त्या दोन तारखांच्या मधले दिवस म्हणजे पातीची राखण. रोज सकाळी वावरात जा आणि पात हाताने चाचपून पाहा, दहिवर किती वाजेपर्यंत टिकतंय ते बघा. दहा वाजेपर्यंत पात ओली असेल आणि वर आभाळ असेल, तर पंप भरायची वेळ तीच. ऊन पडून पात लवकर वाळत असेल तर पंप ठेवा आणि फुलकिडे मोजा.

काढणी झाल्यावर त्याच कॅलेंडरवर किती फवारण्या झाल्या आणि एकरी किती क्विंटल निघालं हेही लिहा. दोन-तीन वर्षांच्या अशा नोंदी गावातल्या दहा घरांत जमल्या, तर लागवडीची तारीख भावाच्या अफवेवर नाही, आपल्याच शिवाराच्या हिशेबावर ठरेल.